बरतर्फी आणि बहाली : सातारा व मिरज, १७६२-६३

मराठी दप्तरी भाषेत चाकरीवरून दूर करण्यास 'बरतर्फ' व पूर्वस्थितीत आणण्यास 'बहाल' असे दोन फारसी शब्द रूढ होते. पहिल्याचा मूळ अर्थ 'बाजूला' एवढाच. त्यात अपराधाचा निर्देश नाही. ही गोष्ट १७६२-६३ च्या उलथापालथीचा विचार करताना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगाव येथे रघुनाथरावाने निजामाच्या फौजेचे साहाय्य घेऊन १७ वर्षांच्या माधवराव पेशव्यास नमविले व सर्व कारभार आपल्या हाती घेतला. सखारामबापू बोकील कारभारी झाले. आबा पुरंदरे यांस पुरंदर किल्ला मिळाला. बक्षिसांसाठी जागा हव्या होत्या, आणि त्या रिकाम्या करण्यास माधवरावाच्या पक्षातील मंडळी सोयीची होती.

साताऱ्याच्या दरबारात प्रतिनिधीचे पद मानाने अष्टप्रधानांच्याही वरचे. ते राजारामाने जिंजीस प्रल्हाद निराजीसाठी निर्माण केले होते. त्या पदावरून श्रीनिवास गंगाधर ऊर्फ भवानराव यास काढून रघुनाथरावाने आपला तान्हा पुत्र भास्करराव यास नेमले, आणि नारो शंकर राजेबहादर यास त्याचा मुतालिक केले. 'मुतालिक' म्हणजे मुख्याच्या वतीने काम पाहणारा. येथे मुख्यच पाळण्यात असल्यामुळे पद कोणाचे हे निराळे सांगावयास नको. भवानरावाच्या कर्तृत्वाचा प्रश्न कोणीही उपस्थित केलेला नव्हता, असेच या नेमणुकीवरून म्हणावे लागते. कारण त्याच्या जागी आलेल्यास अद्याप बोलताही येत नव्हते!

गोपाळराव पटवर्धनाची गोष्ट अधिक गंभीर. तो माधवरावाचा खंदा पक्षपाती व दक्षिणेतील अनुभवी सेनानी. १७६३ च्या आरंभी रघुनाथरावाने मिरजेस वेढा घातला व किल्ला घेतला. गोपाळराव निजामाकडे गेला, भवानरावही तेथेच. या फितुरीचे समर्थन करण्याचे कारण नाही. त्याच वर्षी निजामाच्या फौजांनी पुणे लुटले व जाळले, तेव्हा त्या छावणीत पटवर्धनांचे निशाण होते. तथापि त्यांस दोष देणाऱ्या रघुनाथरावाने स्वतः सत्ता मिळविली ती निजामाच्याच बळावर, हे विसरून चालणार नाही. गटाच्या हिशेबाने केलेली बरतर्फी ज्यांना वगळते, त्यांना निष्ठेचे कारणच उरू देत नाही.

१० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनी निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. शत्रूने घेरलेल्या चुलत्यास माधवरावाने सोडविले, आणि कारभाराचे पारडे त्याच्याकडे झुकले. मग त्याने भवानरावास प्रतिनिधिपद व पटवर्धनांस मिरज पुन्हा बहाल केली. यात उदारता होती, तशी निकडही होती: हैदर अलीशी पुढे लढावयाचे तर गोपाळरावावाचून गत्यंतर नव्हते. १७६४ पासूनच्या कर्नाटकातील मोहिमांत तो आघाडीवर राहिला, आणि १७७१ मध्ये मृत्यू पावला.