चारा छावणी
दुष्काळात चाऱ्याअभावी जनावरे विकावी लागू नयेत म्हणून शासकीय अनुदानावर चालणारी तात्पुरती व्यवस्था. उदाहरणार्थ, माळशिरस तालुक्यातील नातेपुते परिसर पर्जन्यछायेतला; नीरा उजव्या कालव्याखाली ऊस, तर त्याबाहेरच्या माळावर शेळ्या-मेंढ्या आणि कोरडवाहू शेती. साहजिकच टंचाईत उसाचे वाढे हाच मुख्य आधार, पण तो पोषणाच्या दृष्टीने निकृष्ट. ऑक्टोबर 2018 मध्ये राज्याने दुष्काळग्रस्त जाहीर केलेल्या 151 तालुक्यांत माळशिरस होता. छावणी बहुधा सहकारी किंवा सेवाभावी संस्था चालवते. शासन तिला दर जनावरामागे दररोज ठरावीक रक्कम देते. हा दर 2019 मध्ये मोठ्या जनावरासाठी 70 रुपयांवरून टप्प्याटप्प्याने 100 पर्यंत, लहानासाठी 35 वरून 50 पर्यंत गेला. पैसा पशुपालकाच्या हाती पडत नाही, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य आणि उणीवही. हजेरीपटावरची जनावरे व दावणीची जनावरे यांचा मेळ न बसल्याच्या तक्रारी जुन्याच. म्हणून कानाच्या बिल्ल्यांचे स्कॅनिंग आले. अमेरिकेत मात्र दुष्काळी कुरणांची भरपाई संस्थेऐवजी थेट पशुपालकाला मिळते. छावणीची रचना गाई-म्हशींभोवती असल्याने भटक्या मेंढपाळांना तिचा उपयोग कमीच.