ओसाड वास्तूंची भटकंती
वस्ती उठलेली गावे, पडके वाडे, किल्ले व धरणात बुडालेली देवळे हौसेने धुंडाळण्याचा छंद. पाश्चात्त्य देशांत त्याची सुरुवात बहुधा बंद कारखाने, इस्पितळे यांच्या कुतूहलातून होते. महाराष्ट्रात मात्र त्याची वाट देवदर्शन व इतिहास यांतून जाते. कवठे येमाई (ता. शिरूर) हे गाव यमाई देवीच्या नावाने ओळखले जाते. अशा देवस्थानांच्या निमित्ताने घराबाहेर पडणारा माणूस वाटेतल्या पडझडीकडेही वळतो. दौंड तालुक्यालगत, भीमेपलीकडे पेडगावचा बहादूरगड आहे. १६८९ मध्ये कैदेतील संभाजी महाराजांना येथे आणले होते, हे ठाऊक असलेलाच सहसा तिथे जातो. मग काटेरी झुडपांतली तटबंदी आणि लक्ष्मीनारायण मंदिराच्या बाह्य भिंतींवरील कोरीवकाम त्याला आडवाटेची गोडी लावते. गो. नी. दांडेकर (१९१६–९८) यांच्या दुर्गलेखनाने कित्येकांना हीच वाट दाखवली.

समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळेच हा छंद लागतो, असा आक्षेप घेतला जातो. उजनी धरणाचे पाणी ओसरल्यावर पळसदेवच्या मंदिराकडे लोटणारी गर्दी पाहता त्यात तथ्य आहे. तथापि चित्रफीत पहिली फेरी घडवते. पुन्हा जाण्यास कारण लागते, ते इतिहास पुरवतो. मात्र भटकताना भान हवे: पडक्या वास्तूलाही मालक असतो, आणि राष्ट्रीय संरक्षित स्मारकाची नासधूस १९५८ च्या केंद्रीय कायद्यान्वये गुन्हा आहे.