स्पॉटिंग स्कोप, छोटा डिजिटल कॅमेरा आणि हौशी पक्षीनिरीक्षक : एका तंत्राचा इतिहास

प्रस्तावना

छायाचित्रणाचा इतिहास प्रामुख्याने संशोधक, कंपन्या आणि त्यांची उत्पादने यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी डिजिटल कॅमेऱ्याचा प्रायोगिक नमुना तयार केला. १९९५ मध्ये कॅसिओच्या क्यूव्ही-१० या कॅमेऱ्याने पाठीमागच्या छोट्या पडद्यावर चित्र पाहण्याची सोय सर्वसामान्य ग्राहकाला दिली. त्यानंतर पिक्सेलची संख्या वाढत गेली आणि किमती उतरत गेल्या, असा हा क्रम सांगितला जातो. या मांडणीत कॅमेरा वापरणारा माणूस केवळ ग्राहक म्हणून येतो. परंतु एखादे यंत्र कशासाठी आहे, हे नेहमी त्याचा निर्माताच ठरवतो काय? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ‘डिजिस्कोपिंग’ या तंत्राच्या आधारे केला आहे. स्पॉटिंग स्कोपच्या आयपीसला छोटा डिजिटल कॅमेरा लावून दूरच्या पक्ष्याचे छायाचित्र घेण्याचे हे तंत्र प्रयोगशाळेत नव्हे, तर हौशी पक्षीनिरीक्षकांच्या परस्पर देवघेवीतून घडले.

पार्श्वभूमी : पक्षी, बंदूक आणि कॅमेरा

एकोणिसाव्या शतकात पक्षीशास्त्राचा मुख्य पुरावा म्हणजे मारून जतन केलेला पक्षी होता. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात पक्ष्यांची कातडी व अंडी मिळून पाऊण लाखाहून अधिक नमुने होते, यावरून या पद्धतीच्या व्याप्तीची कल्पना येते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या प्रारंभीच्या कार्यातही नमुनासंग्रहाला महत्त्वाचे स्थान होते.

कॅमेऱ्याने या पद्धतीला पर्याय दिला, पण तो मोजक्यांनाच. इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीर्टन या बंधूंचे पक्ष्यांच्या घरट्यांविषयीचे छायाचित्रयुक्त पुस्तक १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात ई. एच. एन. लोथर यांनी याच वाटेने काम केले. त्यांचे पुस्तक १९४९ चे आहे. क्वालालंपूर येथे जन्मलेले लोक वान थो (१९१५–१९६४) दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आले, मुंबईच्या डॉ. सलीम अली यांचे स्नेही झाले आणि पुढे त्यांच्या अनेक भ्रमंतींत छायाचित्रकार म्हणून सहभागी झाले. लोक वान थो हे मोठे उद्योगपती होते. पक्ष्यांचे उत्तम छायाचित्रण करण्यासाठी भारी कॅमेरा, लांब भिंग आणि मुबलक सवड लागत असे, हे त्यांच्या उदाहरणावरून सूचित होते.

फिल्मच्या काळात ही अडचण कायम राहिली. पाचशे-सहाशे मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग महाग आणि वजनदार असे. एका रोलमध्ये छत्तीस चित्रे मावत, आणि त्यांतली किती साधली हे रोल धुतल्यावरच कळे. शिवाय पक्षी हमखास जवळून मिळावा म्हणून घरट्यालगत आडोसा उभारला जाई. त्यामुळे पक्ष्याने अंडी किंवा पिल्ले सोडून जाण्याचा धोका असे.

१९९९ : एका योगायोगाची घटना

निकॉन कंपनीचा कूलपिक्स ९५० हा कॅमेरा १९९९ मध्ये बाजारात आला. त्यात सुमारे २१ लाख पिक्सेलचा संवेदक आणि तिप्पट झूम होता. पक्ष्यांसाठी तो बनवलेला नव्हता. त्याची तीन वैशिष्ट्ये मात्र पुढे निर्णायक ठरली. झूम करताना त्याचे भिंग बाहेर न येता आतल्या आत सरकत असे. भिंगाच्या तोंडाशी २८ मिलिमीटरचे आटे होते. भिंगाचा भाग आणि पडद्याचा भाग एकमेकांभोवती फिरत असल्याने कॅमेरा आयपीसला टेकवूनही पडदा हव्या त्या कोनातून पाहता येत असे.

मलेशियातील पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांना याच वर्षी, जवळजवळ योगायोगानेच, डिजिटल कॅमेरा स्पॉटिंग स्कोपच्या आयपीसला लावून स्वच्छ चित्र मिळते असे आढळले. ‘डिजिस्कोपिंग’ या नावाचे श्रेय फ्रान्समधील पक्षीनिरीक्षक आलें फोसे यांना दिले जाते. पो यांनी हे गुपित स्वतःजवळ ठेवले नाही, आणि ही कल्पना अल्पावधीत अनेक देशांतील पक्षीनिरीक्षकांपर्यंत पोहोचली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. दुर्बिणीच्या आयपीसमागे कॅमेरा धरून चित्र घेण्याचे तत्त्व नवे नव्हते. हौशी खगोलनिरीक्षकांना ते फिल्मच्या काळापासून परिचित होते. नवे होते ते अपयशाचे मोल. डिजिटल कॅमेऱ्यात फसलेले चित्र तत्काळ पडद्यावर दिसे आणि खर्चाविना पुसून टाकता येई. प्रयोग करणे स्वस्त झाले, म्हणूनच शिकणारे वाढले.

तंत्राचे गणित

या तंत्राचा हिशेब साधा आहे. आयपीसची विशालनक्षमता आणि कॅमेऱ्याचे समतुल्य नाभीय अंतर यांचा गुणाकार म्हणजे एकूण समतुल्य नाभीय अंतर. कूलपिक्स ९५० चे भिंग पूर्ण झूमवर ३५ मिलिमीटर फिल्मच्या मापात सुमारे ११५ मिलिमीटरचे होते. तीसपट आयपीसमागे ते ३४५० मिलिमीटर होते. एवढ्या लांब भिंगाचा विचारही सामान्य छायाचित्रकार करू शकत नव्हता.

मात्र याची किंमत प्रकाशात मोजावी लागे. या भिंगाचे प्रत्यक्ष नाभीय अंतर पूर्ण झूमवर २१ मिलिमीटर होते. तीसपटीने ते ६३० मिलिमीटर होते आणि ७७ मिलिमीटर व्यासाच्या वस्तुभिंगाने भागले असता परिणामी छिद्रमान एफ/८ च्या आसपास येते. संवेदक लहान असल्याने संवेदनक्षमता वाढवली की चित्रावर कण दिसत. न वाढवल्यास शटर मंद होई आणि थोड्याशा कंपानेही चित्र हले. दुसरी अडचण काळ्या कडांची होती. आयपीसमधून येणारा बारीक प्रकाशझोत भिंगाच्या पुरेशा आत पोहोचला नाही, तर चित्राभोवती काळे वर्तुळ उमटे. कॅमेऱ्याचा झूम वाढवल्यावर ते चौकटीबाहेर जाई. भिंगाचे तोंड लहान आणि झूम अंतर्गत असलेले कॅमेरेच या कामाला का उपयोगी पडले, याचे उत्तर येथे आहे.

युक्त्यांची देवघेव

वरील अडचणींवर जी उत्तरे निघाली, त्यांचे स्वरूप पाहिले असता सामूहिक ज्ञाननिर्मितीची प्रक्रिया स्पष्ट होते. आधी स्कोप डोळ्याने स्पष्ट करून घ्यावा, मग कॅमेरा लावावा. बटण बोटाने न दाबता केबलने किंवा सेल्फ-टायमरने शटर सोडावे. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून त्याला पुठ्ठ्याची झापड करावी. आयपीस कमीत कमी विशालनावर ठेवावी. भर दुपारी जमिनीवरची तापलेली हवा चित्र थरथरवते, म्हणून सकाळचा प्रकाश साधावा. एका पक्ष्याची अनेक चित्रे घेऊन एखादेच राखावे. यांतील एकही सूचना कॅमेऱ्यासोबतच्या माहितीपुस्तिकेतून आलेली नव्हती, कारण निर्मात्याला हा उपयोग अभिप्रेतच नव्हता.

कॅमेरा आयपीसवर नेमका मध्यभागी बसवण्यासाठी सुरुवातीला हातानेच काम भागवले जाई. पुढे प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे, बाटल्यांची झाकणे, फिल्मच्या डब्या यांपासून जोडकडी घरीच बनवल्या गेल्या. २८ मिलिमीटरच्या आट्यांमुळे लेथवर धातूची कडी कातून घेणे शक्य झाले आणि लहान कारागिरांनी त्या विकायला आरंभ केला. कालांतराने स्कोप बनवणाऱ्या नामांकित कंपन्यांनीही स्वतःच्या जोडकडी बाजारात आणल्या. म्हणजे हौशी माणसाची घरगुती युक्ती, कारागिराची वस्तू आणि कंपनीचे उत्पादन असा हा उलटा प्रवास आहे.

कॅमेरा उद्योग मात्र निराळ्या दिशेने चालला होता. कूलपिक्स ९५० च्या मालिकेतील ४५०० हे मॉडेल २००२ मध्ये आले. त्यानंतर छोट्या कॅमेऱ्यांत बाहेर येणारे भिंग आणि मोठा झूम यांना प्राधान्य मिळाले. ही वैशिष्ट्ये सर्वसामान्य ग्राहकाला सोयीची, पण डिजिस्कोपिंगला गैरसोयीची होती. त्यामुळे ४५०० चे उत्पादन थांबल्यावरही जुने नग हौशी मंडळी शोधून घेत. बाजाराच्या दृष्टीने कालबाह्य झालेली वस्तू जाणकारांच्या दृष्टीने मौल्यवान ठरली.

पुराव्याचा प्रश्न

या तंत्राचे महत्त्व केवळ छंदापुरते नाही. दुर्मीळ पक्षी पाहिल्याचा हौशी निरीक्षकाचा दावा पूर्वी त्याच्या शब्दावर आणि टिपणावर अवलंबून असे; तो मान्य करणे वा न करणे तज्ज्ञांच्या हाती होते. दूरवरून घेतलेल्या, कलात्मकदृष्ट्या सामान्य पण ओळख पटवणाऱ्या छायाचित्राने या संबंधात बदल घडवला. पक्ष्याला न उठवता व घरट्याजवळ न जाता पुरावा हाती येऊ लागला.

याच काळात पक्षीशास्त्रातही छायाचित्राचे वजन वाढत होते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील शास्त्रज्ञ रमणा अत्रेय यांनी २००६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील ईगलनेस्ट परिसरातून ‘बुगुन लिओसिचला’ या नव्या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. पक्ष्यांची संख्या अत्यल्प असल्याने त्यांनी पक्षी मारला नाही. पकडून सोडलेल्या पक्ष्याची छायाचित्रे, मोजमापे आणि गळालेली पिसे यांचा आधार घेतला. हे काम डिजिस्कोपिंगचे नव्हते. तथापि ह्यूम यांच्या संग्रहापासून येथपर्यंतचे अंतर लक्षात घेता, जिवंत पक्ष्याचे चित्र पुरावा म्हणून स्वीकारण्याच्या प्रवाहात दोन्ही घटनांचे स्थान आहे.

या तंत्राचे गुणगान करताना मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. कॅमेरा तुलनेने स्वस्त असला तरी चांगला स्पॉटिंग स्कोप स्वस्त नव्हता. म्हणून सुलभीकरण झाले ते अंशतःच. उडता पक्षी किंवा दाट झाडीतला चपळ पक्षी या साधनाच्या आवाक्याबाहेर राहिला. कमी प्रकाशात रंग बदलून ओळख चुकण्याचा संभवही होता.

समारोप

पुढे मोठ्या झूमचे कॅमेरे आले. २०१५ च्या निकॉन पी९०० मध्ये २००० मिलिमीटरपर्यंतचा समतुल्य पल्ला एकाच यंत्रात मिळू लागला. छोट्या कॅमेऱ्याची जागा स्मार्टफोनने घेतली. तरीही आज स्कोपच्या आयपीसला फोन टेकवणारा पक्षीनिरीक्षक १९९९ मधलीच कृती करत असतो, आणि काळ्या कडा टाळण्यासाठी तो जे करतो तेही तेव्हाच शोधले गेले होते.

या विवेचनातून असे दिसते की, यंत्राचा उपयोग त्याच्या निर्मितीबरोबर संपूर्णपणे निश्चित होत नाही. त्यातील एक वाटा वापरणारे ठरवतात, आणि तो वाटा एकमेकांना मोकळेपणाने सांगितल्यामुळेच वाढतो. परंतु कंपन्यांच्या उत्पादनांची नोंद राहते. नळीच्या तुकड्याची जोडकडी करणाऱ्याचे नाव राहत नाही. आपल्याकडील पक्षीमित्र मंडळांच्या जुन्या टिपणवह्या, घरगुती जोडकडी आणि कॅमेरे अद्याप कपाटांत असतील. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी व इतिहास विभागांनी ते मिळवून जतन केले नाहीत, तर या काळाचा इतिहास पुन्हा केवळ कारखान्यांचाच इतिहास होऊन बसेल.