लाटेवरच्या फळीचें पातें

हवाई बेटांतील वाइकीकीच्या किनाऱ्यावर १९३५ सालीं टॉम ब्लेक या अमेरिकन गृहस्थानें एक उपद्व्याप केला. टाकून दिलेल्या मोटारबोटीच्या तळाचा, फूटभर लांब व सुमारें ४ इंच खोल असा धातूचा कणा काढून त्यानें आपल्या फळीच्या पोटाला शेपटीकडे बसविला. लाटेवर स्वार होण्याची विद्या हवाईयन लोकांची, शेंकडों वर्षांची; पण फळीला पातें असें नव्हतें. लाट उभी राहिली कीं शेपूट आडवी घसरे, आणि वळावयाचें तर पाय पाण्यांत ओढावा लागे. पात्यानें ही घसरण थांबली. तरी त्याचें महत्त्व इतरांस पटावयास बरींच वर्षें लागलीं. होनोलुलूच्या कांहीं तरुणांनीं तर १९३७ च्या सुमारास फळीची शेपूटच तासून निमुळती केली व पात्यावांचून तोच प्रश्न सोडविला. तोही उपाय कमी बुद्धीचा नव्हता!

पुढें पातें रुंद व खोल झालें, आणि फळीच्या अगदीं नाकावर जाऊन उभें राहण्याची कला बहरास आली. माणसाचें सारें वजन पुढें गेलें असतां फळीनें तोंडघशीं पडावें. पण मागच्या शेपटीवरून लाटेचें पाणी वाहतें व तिला दाबून धरतें. उभें, रुंद पातें ती शेपूट आडवी सरकूं देत नाहीं. श्रेय सगळें पात्याचें नव्हे. मात्र तें नसेल तर तोल क्षणभरही टिकणें कठीण. १९६५ मध्यें कॅलिफोर्नियांत टॉम मोरी यानें बक्षिसाची स्पर्धाच भरविली. तींत नाकाकडील भागावर कोण किती सेकंद टिकतो, हें घड्याळ लावून मोजीत.

त्याच काळांत जॉर्ज ग्रीनो हा माशाच्या पराच्या घडणीचें, अरुंद, मागें झुकलेलें व लवचीक पातें घडवीत होता. त्या धर्तीचें पातें लावून १८ वर्षांचा ऑस्ट्रेलियन नॅट यंग १९६६ च्या ऑक्टोबरांत सॅन डिएगोच्या जागतिक स्पर्धेंत उतरला. समोर डेव्हिड नुउहिवा होता. नाकावर उभें राहण्यांत त्याचा हात धरणारा विरळाच. यंगनें मात्र ९ फूट ४ इंचांच्या फळीवर वळणामागून वळण घेत अजिंक्यपद नेलें. लौकरच फळ्या आखूड झाल्या आणि नुउहिवाची कला अडगळींत पडली.

लांब फळ्या परत आल्या त्या दीर्घ काळानंतर. आणि जुना वादही आला. नाकावर रेंगाळावयाचें असेल त्यानें उभें, रुंद पातें घ्यावें. लांब, वेगवान वळणें हवीं असतील त्यानें मागें झुकलेलें. म्हणून कित्येक स्वार आजही दोन्ही पातीं जवळ बाळगतात, आणि समुद्र पाहून एक बसवितात.