गुरांचे तारकुंपण (ब्रिटन)

गुरे-मेंढ्या कुरणाच्या हद्दीत राखण्यासाठी खांबांवर ताणून बसवलेली पोलादी तार किंवा तारजाळी. ब्रिटनमध्ये हे काम पूर्वी जिवंत झुडपी कुंपणे व कोरड्या दगडी भिंती करीत (पहा : गडगा). चार्ल्स बर्नार्ड यांनी नॉरिच येथे 1844 मध्ये जाळी विणण्याचे यंत्र केले; काटेरी तार अमेरिकेतून आली (ग्लिडन यांचे पेटंट, 1874).

जाळी सांकेतिक आकड्यांनी ओळखतात. ‘सी 8/80/15’ म्हणजे मध्यम वजनाची, आठ आडव्या तारांची, 80 सेंमी. उंच व उभ्या तारांत 15 सेंमी. अंतर असलेली जाळी. तळाकडील घरे अरुंद असल्याने कोकरे निसटत नाहीत. मात्र शिंगाळ मेंढ्यांची डोकी 15 सेंमी.च्या घरांत अडकतात, म्हणून त्यांच्यासाठी 30 सेंमी. अंतर घेतात. गाईबैल जाळीवर रेलतात, म्हणून वर काटेरी तारेचे एकदोन पदर लागतात. घोड्यांसाठी काटेरी तार टाळतात.

उच्च ताणबलाची तार सौम्य पोलादापेक्षा कमी सैलावते व तिला खांबही कमी लागतात. टिकाऊपणा जस्ताच्या थरावर अवलंबून असतो. जस्त-ॲल्युमिनियम लेप अधिक टिकतो (पहा : जस्तलेपन). खरा भार कोपऱ्यांतील ताणखांब पेलतात. मधल्या खांबांवरील यू-खिळे पूर्ण ठोकत नाहीत, कारण तार आत सरकती राहावी लागते.

इंग्लंड व वेल्समध्ये भटक्या गुरांनी केलेल्या नुकसानीची जबाबदारी 1971 च्या प्राणी अधिनियमानुसार सामान्यतः गुरे बाळगणाऱ्यावर असते. रस्त्यालगतची उपद्रवी काटेरी तार काढण्याची नोटीस 1980 च्या महामार्ग अधिनियमाखाली देता येते.