दहा रुपये, पंधरा रेघा

मागच्या शनिवारी आंबिवली स्टेशनवरून शेअर रिक्षाने मोहन्याला येत होतो. उतरताना शेजारच्या मावशींनी दहाचं नाणं पुढे केलं. रिक्षावाल्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि परत दिलं. "मावशी, पंधरा रेघांचं आहे. नाही चालत."

मावशींकडे भाजीची रिकामी पाटी आणि मुठीत तसलीच पाच-सहा नाणी. म्हणजे दिवसभराच्या कमाईतले पन्नास-साठ रुपये एका वाक्यात बाद! मी नोटा देऊन ती नाणी घेतली, विषय मिटला. पण डोक्यातून काही जाईना. घरी येऊन डब्यातली सगळी दहाची नाणी टेबलावर ओतली. (बग दिसला की आमचा रविवार गेलाच. :))

तर मंडळी, दहाचं नाणं चलनात आलं २००९ मध्ये. बाहेर पिवळं कडं, आत पांढरी चकती, व्यास २७ मिलिमीटर. पहिल्या नाण्यांवर साल मात्र २००५-०६ चं आणि चित्र 'विविधतेत एकता' या कल्पनेचं. मग आलं पंधरा रेघांचं. त्याचा विषय काय, तर 'संपर्क आणि माहिती तंत्रज्ञान'. म्हणजे ज्या नाण्याला लोक खोटं म्हणतात, ते चक्क आमच्याच धंद्याच्या नावाचं! जुलै २०१० मध्ये रुपयाचं नवीन चिन्ह ठरलं आणि २०११ पासूनच्या नाण्यांवर ते चिन्ह आलं, रेघा झाल्या दहा. २०१९ च्या मालिकेत रेघा जाऊन धान्य आलं. शिवाय मधूनमधून विशेष नाणी, उदाहरणार्थ २०१५ चं डॉ. आंबेडकरांच्या १२५ व्या जयंतीचं.

आता दहा रुपयांवर दहा रेघा असल्या की पंधरावालं खोटं, हे लॉजिक कुणालाही पटेल असंच आहे. प्रॉब्लेम इतकाच की ते चूक आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये अफवेबद्दल खुलासा केला. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं की तोवर दहाच्या नाण्याची १४ डिझाइन निघाली आहेत आणि सगळी वैध आहेत. माझ्या टेबलावर दोन्ही प्रकारच्या रेघांच्या नाण्यांवर सालाजवळ बारीकसा हिरा आहे. हिरा म्हणजे मुंबईची टांकसाळ. (तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.)

मग शिवराई आठवली. महाराजांचं तांब्याचं नाणं, एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. त्यातही अक्षरांची वळणं वेगवेगळी, ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाही. तरी ते इंग्रजी अमदानीतही चालत राहिलं. कारण हातात तांबं होतं. ठसा वाकडा असला तरी धातूला वजन होतंच.

आपल्या दहाच्या नाण्याचं तसं नाही. त्यातल्या धातूसाठी ते कुणी घेत नाही. पुढचा माणूस घेईल या भरवशावरच ते चालतं आणि तो भरवसा ठेवायला सामान्य माणसाकडे डिझाइन सोडून दुसरं काहीच नसतं. ते पुन्हा पुन्हा बदललं, पण खुलाशाचं पत्रक रिक्षा स्टँडपर्यंत पोचलं नाही. आम्ही सॉफ्टवेअरचं नवीन व्हर्जन काढलं की जुनं चालेल की नाही हे आधी सांगतो, नाहीतर क्लायंट फाडून खातो. इथे फटका बसतो तो भाजीच्या पाटीला.

रिक्षावाल्यालाही मी दोष देत नाही. पुढे त्याच्याकडून कुणी घेतलं नाही तर त्याचे दहा गेले.

असो. रविवारी संध्याकाळी त्याच स्टँडवर गेलो. मावशींची सगळी नाणी खिशात होती. एक काढून दिलं, मोबाईलवर रिझर्व्ह बँकेचं पत्रक दाखवलं. रिक्षावाल्याने वाचलं, डोकं खाजवलं. "साहेब, तुम्ही म्हणता म्हणून घेतो. पण पुढे कुणी नाही घेतलं तर?"

"तर मला परत द्या," मी म्हटलं. "मी इथेच राहतो."

त्याने नाणं खिशात टाकलं. अजून तरी परत आलेलं नाही.