विरुद्धार्थी शब्दांचे संगीतखेळ

ताल, स्वर आणि अंगाची हालचाल यांतून साधारण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना विरुद्धार्थी शब्दांची ओळख करून देणारे खेळ. आवाज मोठा–बारीक, लय जलद–संथ, स्वर वरचा–खालचा, वाजणे–थांबणे या त्यांतील मुख्य जोड्या.

मराठी मुलांना हे खेळ विशेष उपयोगी पडतात, कारण आपले रोजचे शब्द इथे दुहेरी आहेत. ‘हळू चाल’ म्हणजे संथ, पण ‘हळू बोल’ म्हणजे बारीक आवाजात. ‘जोरात’चेही तसेच: पळणे जोरात आणि ओरडणेही जोरात. डफली हातात घेतलेल्या मुलाला ‘हळू वाजव’ म्हटले, की ते आवाज कमी करते, वेग कमी करते किंवा दोन्ही. यात मुलाची काहीच चूक नाही. म्हणून गुण सुटे करून खेळावे लागते. मोठा पण संथ ठोका पडला की सगळ्यांनी हत्तीसारखे चालायचे; बोटांच्या टोकांनी बारीक पण भरभर वाजले की उंदरासारखे दुडदुडायचे. पाय सरावले की मग ‘मोठ्याने’, ‘बारीक’, ‘भरभर’, ‘सावकाश’ हे नेमके शब्द द्यावेत.

स्वरांची उंची सर्वांत अवघड. ‘आवाज चढवणे’ मुलांनी ऐकलेले असते ते रागावण्याच्या अर्थाने. पेटीवर तर वरचा स्वर वर नसतोच, उजवीकडे असतो. जलतरंगाचा प्रयोगही सुरुवातीला टाळावा: पेल्यात पाणी वाढते तसा स्वर उतरतो आणि मूल गोंधळते. आरोहाबरोबर उभे राहून हात उंचावणे आणि अवरोहाबरोबर खाली बसणे ही सोपी वाट आहे.

वाजणे–थांबणे यासाठी संगीतखुर्ची सर्वांच्या परिचयाची आहे. बालवाडीत मात्र खुर्च्या कमी करू नयेत. ज्याला सरावाची गरज जास्त, तेच मूल आधी बाद होऊन बाजूला बसते.

एमिल जाक-दालक्रोझ (1865–1950) यांनी जिनिव्हात संगीतशिक्षणाला शरीराच्या हालचालीचा पाया दिला. जर्मनीत कार्ल ऑर्फ (1895–1982) यांनी बोलणे, नाचणे आणि तालवाद्ये एकत्र आणली. मारिया माँटेसरी यांच्या साधनांत आवाजाच्या डब्या आणि स्वरांच्या घंटा वेगवेगळ्या आहेत. लहान–मोठा आणि वरचा–खालचा यांची गल्लत त्यामुळे टळते. ताराबाई मोडक (1892–1973) आणि अनुताई वाघ (1910–1992) यांनी 1945 पासून बोर्डीत व पुढे कोसबाडला महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरून बालशिक्षण उभे केले. त्याच रीतीने एका डबीत तांदूळ, दुसरीत चिंचोके भरले की बारीक–मोठ्या आवाजाची जोडी घरीच तयार होते.

जोडी पक्की झाली की ‘याहून बारीक’, ‘आणखी सावकाश’ अशा मधल्या पायऱ्या घ्याव्यात. डफली स्वतःकडे घेऊन मूल इतरांना ‘आता सावकाश, पण मोठ्याने’ असे सांगू लागले, की दोन्ही जोड्या त्याला वेगळ्या कळल्या असे समजावे.